नात्सुमीची फुंकर

१

तीनही जागा रिकाम्या होत्या.

इसोगाई फुसाएनं चष्मा काढला, एप्रनच्या टोकाला पुसला आणि पुन्हा चढवला. चष्मा पुसून काही उपयोग होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. टीव्हीच्या पडद्यावर खेळाचं नाव झळकत होतं, ‘बुडालेली घंटा’, आणि त्याखाली एकाखाली एक तीन चौकटी: रिकामं, रिकामं, रिकामं.

“नऊ दिवसांपूर्वी होतं,” शेजारच्या स्टुलावर बसलेले कुरामोचीसान म्हणाले. “तुमच्यासमोरच बघितलं होतं आपण.”

“होतं,” फुसाए म्हणाली. खोटं बोलण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं, आणि ती तिची रीतही नव्हती.

नऊ दिवसांपूर्वी हे गृहस्थ ओसाकाच्या निप्पोनबाशीतल्या तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानाचा जिना धापा टाकत चढून आले होते. वय एकाहत्तर, आयुष्य ट्राम चालवण्यात गेलेलं. कापडात बांधून आणलेला जुना व्हिडिओ गेम त्यांनी टेबलावर असा ठेवला होता की जणू देवघरातली मूर्तीच आणलीय. यंत्र मेलं होतं. पडदा काळाच राहायचा. कॅसेट मात्र धडधाकट होती. फुसाएनं ती दुकानातल्या चालू यंत्रात घालून दाखवली, तेव्हा पहिल्या चौकटीत नीट उमटलं होतं: नात्सु, पातळी एकतीस.

नात्सु म्हणजे नात्सुमी, त्यांची मुलगी. अकरा वर्षांची असताना दवाखान्यात गेली ती परत आली नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी ती हा खेळ खेळली आणि ‘उरलेलं आल्यावर’ म्हणून जिथे थांबली, तिथेच तो गेली सव्वीस वर्षं थांबला होता. उद्यापासून ओबोन. घरोघर पितर यायचे दिवस. दर ओबोनच्या पहिल्या संध्याकाळी कुरामोचीसान यंत्र सुरू करायचे, ती एक ओळ बघायचे आणि बंद करायचे. बस, एवढंच.

“यंत्र छान केलंत हं तुम्ही,” ते आता म्हणाले. माणूस इतका सभ्य की अंगावर काटा यावा. “पिवळं पडलं होतं, पांढरं झालं. कॅसेटसुद्धा उजळ दिसतेय.”

“ते आमच्याकडून,” फुसाए सवयीनं म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज दुरून आल्यासारखा वाटला.

कुरामोचीसाननी कॅसेट बाहेर काढून उलटी केली. पाठीवर मार्करनं लिहिलेलं पोरवयातलं वेडंवाकडं नाव होतं, कुरामोची नात्सुमी. जरा फिकट. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. “दर वेळी घालायच्या आधी फुंकायची. गरम सूप फुंकावं तशी. मी ओरडायचो, अगं थुंकी उडते. ऐकेल तर शपथ.” त्यांनी कॅसेट टेबलावर ठेवली. “बाई, मी भांडायला आलेलो नाही. पण ते गेलं कुठं एवढं मला कळायला हवं. मी इथं बसतो.”

आणि ते बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, पुढचा सिग्नल मिळायची वाट बघत असावेत तसे.

तीस वर्षं कारखान्यात आणि त्यानंतर अकरा वर्षं या दुकानात, लोकांनी भंगारात काढलेली यंत्रं उघडून तिचे डोळे आणि मान दोन्ही कामातून गेले होते. गेल्या हिवाळ्यात तिच्या हातून एका गिऱ्हाइकाचा बोर्ड जळाला, तेव्हाच तिनं स्वतःला बजावलं होतं: आता आणखी एक चूक, की शटर खाली.

हीच ती चूक होती काय?

२

मागच्या खोलीत शिओमी बसतो. सहासष्ट वर्षांचा, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. फुसाएकडचं टेबल वापरतो, त्या बदल्यात सेल बदलायची कामं करतो. या जुन्या कॅसेटींच्या पोटात एक गोल सेल असतो. खेळ कुठवर आला ते त्याच्याच जिवावर लक्षात राहतं. सेल काढला की आठवण पुसली. आणि शिओमीला खोड अशी, की गिऱ्हाइकानं मागितलं नसलं तरी नवा सेल घालून द्यायचा. फुकट. वर पुन्हा ‘कशी गंमत केली’ असा चेहरा करायचा. वसंतात एका बाईच्या पोराचा सगळा खेळ त्यानं असाच धुवून टाकला होता.

त्यामुळे फुसाए सरळ त्याच्याकडेच गेली.

“शिओमी, खरं सांग. कुरामोचीसानच्या कॅसेटला हात लावलास?”

“कोण कुरामोची?” त्यानं मान वर केली नाही. त्याच्या पुढ्यात कुणाची तरी कॅसेट होती आणि तो लाल खोडरबर शोधत होता. “ताई, वसंतातलं अजून काढताय होय? सासू बरी तुमच्यापेक्षा.”

“लावलास की नाही?”

तिचा आवाज ऐकून तो वळला. बघितलं आणि चेष्टा संपली. “नाही हो. शपथ. सेलला हात लावला असेल तर हे हात झडून पडू देत.”

फुसाए पुढच्या खोलीत आली. या कॅसेटींचे स्क्रू वेगळ्या डोक्याचे असतात, त्यांना खास पेचकस लागतो. या मजल्यावर असे पेचकस तीन: एक तिचा, एक शिओमीचा, आणि एक पलीकडच्या गाळ्यात भंगाराचा धंदा करणाऱ्या निशिवाकीचा. कुरामोचीसानच्या देखत तिनं दोन्ही स्क्रू काढले आणि कवच उघडलं.

आत हिरवा बोर्ड, त्यावर गोल सेल. सेलचे पाय कारखान्यात जसे चिकटवले तसेच होते. कुणाच्या सोल्डरिंगच्या सळईचा तिथे स्पर्श झाला नव्हता. तिनं मीटर लावला. दोन पूर्णांक नऊ व्होल्ट. अगदी ठणठणीत.

शिओमी सुटला. फुसाएला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सेल जुनाच आहे, जिवंत आहे आणि आठवण मात्र गेली. सेल मेला नाही, बदलला नाही. मग एकच उरतं.

“म्हणजे,” कुरामोचीसान हळू आवाजात म्हणाले, “कुणीतरी बसून, बटण दाबून, तिला पुसलं?”

३

असं कोण करील?

गेल्या नऊ दिवसांत दुकानात येऊन टेबलावरच्या वस्तूंना हात लावणारा बाहेरचा माणूस एकच होता, आणि तो या क्षणी खिडकीपाशी उभा राहून बार्लीचा थंड चहा पीत होता. मिनेगिशी, दातांचा डॉक्टर. जुन्या कॅसेटींचा संग्रह करतो. पांढरे सुती हातमोजे घालूनच दुकानात शिरतो, म्हणून निशिवाकी त्याला ‘जावईबापू’ म्हणतो.

“डॉक्टर, तुम्ही गुरुवारी आला होतात.”

“दर गुरुवारी येतो. दवाखाना बंद असतो.”

“ही कॅसेट इथे बघितलीत?”

मिनेगिशीनं ती पाठीकडून बघितली आणि त्याचं नाक असं वाकडं झालं, की जणू त्याला कुणी उष्टं वाढलंय. “नाव लिहिलेली? बाई, फुकट दिलीत तरी मला नको. लहानपणी सगळ्यांच्या आयांनी नावं लिहायला लावून या देशाचं अतोनात नुकसान केलंय.”

“बोलताना जरा बघा,” फुसाए म्हणाली. “ते मागे बसलेत त्यांच्या मुलीचं नाव आहे.”

मिनेगिशी वळला. त्याचा चेहरा उतरला आणि त्यानं कमरेत वाकून माफी मागितली. माणूस तसा वाईट नव्हता, नुसता संग्राहक होता.

“तुम्ही हिच्यातला खेळ सुरू केला होता का?”

“मी?” त्याला खरोखरच धक्का बसला. “मी खेळत नाही कधी. खेळलं की झिजतं. माझ्याकडे साडेचारशे आहेत, एकही चालवून बघितलेली नाही. आणि हा खेळ तर मी गुरुवारीच निशिवाकीकडून घेतला, बिननावाचा, कसा लख्ख! वरून नवरीसारखा आणि आतून म्हणाल तर दात किडलेले. घरी जाऊन भिंगातून बघितले तेव्हा कळलं. परत घेईल तर तो निशिवाकी कसला. म्हणून आज शिओमीसानना दिलाय, दात घासा आणि सेलही बदला म्हणून.”

दात म्हणजे बोर्डाच्या खालच्या कडेची सोनेरी पट्ट्यांची ओळ, जी यंत्रात जाऊन बसते. डॉक्टरला सगळीकडे दातच दिसायचे. फुसाएनं मान हलवली. तिचं अर्धं लक्ष नव्हतं. माणूस खरं बोलतोय हे तिला कळत होतं आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं. सगळे खरं बोलत असले, तर खोटं बोलणारं एकच जण उरत होतं: तिचे स्वतःचे हात. कधीतरी थकव्याच्या गुंगीत तिनंच तर यंत्र तपासताना ही कॅसेट घातली नसेल? चुकीचं बटण दाबलं नसेल?

ती टेबलाशी येऊन बसली. उघडी कॅसेट अजून पुढ्यात होती. बोर्ड तिनं उचलला तो केवळ हाताला चाळा म्हणून, आणि दिव्याखाली तिरका धरला.

सोनेरी पट्ट्या चकचकत होत्या. सगळ्या. एकीवरही डाग नाही.

फुसाए बघतच राहिली. मग तिनं सावकाश विचारलं, “कुरामोचीसान, ती फुंकायची म्हणालात. किती?”

“किती म्हणजे? रोज. दिवसातून दहादा. दोन वर्षं.”

मुलांच्या तोंडची वाफ त्या पट्ट्यांवर बसते. वर्षं जातात तसा हिरवा गंज चढतो, सोन्याचा मुलामा खाऊन टाकतो. घासून गंज निघेल, पण खाल्लेलं सोनं परत येत नाही. अकरा वर्षांत फुसाएनं अशा शेकडो पट्ट्या बघितल्या होत्या. आणि या बोर्डावर कुठल्याही मुलीनं आयुष्यात फुंकर घातलेली नव्हती.

“हे कवच नात्सुमीचं आहे,” ती म्हणाली, “पण आतला बोर्ड तिचा नाही.”

४

निशिवाकीचा गाळा म्हणजे भंगाराच्या पेट्यांचा बोळ. प्रत्येक पेटीवर त्याची पाटी: ‘चालेलच असं नाही. परत घेणार नाही. रडायचं असेल तर बाहेर.’ गावोगावच्या बंद पडलेल्या दुकानांतून तो मोडकी यंत्रं वजनावर उचलतो.

“बोर्ड बदलला?” तो खेकसला. “बाई, मी भंगारवाला आहे, दरोडेखोर नाही. तीच कॅसेट, तोच खेळ. अदलाबदल करून माझा काय फायदा?”

“फायद्याचं नाही विचारत. गुरुवारी काय केलंस ते सांग.”

“गुरुवारी काय करतो मी? धुणं.”

हे खरं होतं. ऊन असलं की गुरुवारी निशिवाकी आठवड्याचा माल उघडायचा, बोर्ड काढून पुठ्ठ्यावर मांडायचा आणि कवचं साबणाच्या पाण्यात घासून गच्चीवर वाळत टाकायचा. पापडच वाळत घातलेत म्हणावं कुणी. वाळली की पुन्हा जोडायची.

“‘बुडालेली घंटा’ होत्या त्यात?”

“त्या दिवशी दोन. एक त्या जावईबापूंनी नेली. दुसरी…” तो घुटमळला. “दुसरी गिऱ्हाइकाची होती. पाठीवर नाव होतं. मी आपला सवयीनं स्पिरिटनं नाव पुसायला घेतलं, मग ट्रेमधली चिठ्ठी दिसली आणि थांबलो. ट्रेसकट तुमच्या फळीवर नेऊन ठेवली परत.”

“जोडताना कुठला बोर्ड कुठल्या कवचात गेला, बघितलंस?”

निशिवाकीनं तिच्याकडे बघितलं. तिनं असा प्रश्न विचारावा याचंच त्याला नवल वाटलं. “एकाच खेळाचे दोन बोर्ड. बोर्ड तो बोर्ड. त्यात काय बघायचं?”

कुठल्याही भंगारवाल्यानं हेच उत्तर दिलं असतं. मिनेगिशीलाही यात वावगं वाटलं नसतं. त्याच्या लेखी कवच म्हणजेच कॅसेट. त्या चकचकीत बोर्डाचा आधीचा मालक विकण्यापूर्वी आपला खेळ पुसून गेला असणार. बरेच जण तसं करतात.

“पण गिऱ्हाइकाची कॅसेट तुझ्या धुण्यात आली कशी?” फुसाएनं विचारलं. “कुणी दिली?”

“कुणी म्हणजे?” निशिवाकीनं खिळ्याला अडकवलेल्या चिठ्ठ्यांमधून एक ओढून तिच्यापुढे धरली. “ओळखा अक्षर.”

ओळखायला काय लागतं? तिचंच होतं. *कुरामोची. यंत्र पिवळं. धुणे, आपल्याकडून.* त्या दिवशीची ती सातवी चिठ्ठी. म्हाताऱ्याला ओबोनसाठी यंत्र छान दिसावं म्हणून तिनं तसं लिहिलं, वरचं झाकण ट्रेमध्ये टाकलं, आणि दिवसभराच्या शिणलेल्या हातानं त्याच ट्रेमध्ये कॅसेटही ठेवून दिली. ट्रे स्वतः उचलून धुण्याच्या फळीवर ठेवला. कुणी चोरलं नव्हतं, कुणी पुसलं नव्हतं. आपणच दिलं होतं, प्रेमानं, फुकट.

शिओमीला ज्या खोडीबद्दल ती वसंतापासून बोलत होती, तीच.

चिठ्ठी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. आणि मग तिला डॉक्टरचं वाक्य आठवलं. वरून नवरीसारखा, आतून दात किडलेले.

त्याच क्षणी मागच्या खोलीतून तापलेल्या राळेचा वास आला. शिओमीनं सोल्डरिंगची सळई तापवली होती.

५

फुसाए कित्येक वर्षांत धावली नव्हती. बोळातल्या दोन पेट्या उलथल्या, निशिवाकी मागून ओरडला, मिनेगिशीच्या हातातला चहा सांडला.

“शिओमी! थांब! हात वर!”

शिओमी खुर्चीतच उडाला. डाव्या हातात चिमटा, उजव्यात धूर सोडणारी सळई, आणि ती सेलच्या पायापासून पेराएवढ्या अंतरावर. “काय झालं? आग लागली?”

“सेल… काढलास?”

“काढतच होतो की.”

“अजून नाही ना काढला?”

“नाही हो! तासाभरापूर्वीच झाला असता. पण हे दात बघा. आधी दात, मग सेल, हा माझा नियम. आणि असला गंज जन्मात बघितला नव्हता. अख्खं खोडरबर संपलं.” टेबलावर हिरव्या चुऱ्याचा छोटा ढीग पडला होता. “कुठल्या कारट्यानं फुंकून फुंकून वाट लावलीय देव जाणे.”

दारात कुरामोचीसान येऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं. ते टेबलापर्यंत आले आणि एका बोटानं त्या हिरव्या चुऱ्याला हात लावला.

“मी ओरडायचो तिला,” ते म्हणाले.

६

फुसाएनं सळई बंद करायला लावली. बोर्ड दोन्ही हातांनी पुढच्या खोलीत आणला, कवचाशिवायच यंत्रात बसवला आणि बटण कुरामोचीसानना दाबायला दिलं. पडदा उजळला. पहिली चौकट: नात्सु, पातळी एकतीस.

मिनेगिशीनं हातमोजे काढले. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. “बोर्ड यांचा,” तो पुटपुटला. “माझं काही म्हणणं नाही.”

“कुरामोचीसान,” फुसाए म्हणाली, “तुम्ही विचारलंत, कुठं गेलं. मी घालवलं. यांच्यातलं कुणी नाही.” तिनं चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. मग ती माफीसाठी कमरेत वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. पाठ दुखत होती. दुखू दे, तिला वाटलं.

म्हाताऱ्यानं चिठ्ठी वाचली. “सेल अजून किती दिवस?”

तिनं मीटर लावला. “दोन पूर्णांक चार. फार नाही. कदाचित वर्ष. कदाचित हा ओबोन.”

“सव्वीस वर्षं बटण दाबताना माझी छाती धडधडते, बाई. आज गेली असेल का, आज गेली असेल का. कुणाला हात लावू दिला नाही. थकलो हो मी राखण करून.” त्यांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही. “आठवण न पुसता सेल बदलता येतो का?”

“येतो. दुसरा सेल बाहेरून जोडून धरायचा, मग जुना काढायचा. पण तार क्षणभर जरी सुटली तर संपलं.”

“मग बदला.”

“माझा हात…” ती म्हणाली. “शिओमीचा हात स्थिर आहे. तो करील.”

“तारा कोण धरणार?” शिओमीनं विचारलं. या वेळी त्यात चेष्टा नव्हती. “ताई, धरायला तुम्हीच लागाल. मला दोनच हात आहेत.”

तिनं तारा धरल्या. चार मिनिटं लागली. खिडकीबाहेर रातकिडे कोकलत होते, निशिवाकी दाराशी पाटीसारखा उभा होता, आणि फुसाएनं श्वास घेतला की नाही हे तिला नंतर आठवेना. तिच्या बोटांना कंप सुटला नाही.

बोर्ड त्याच्या स्वतःच्या कवचात गेला. दोन्ही स्क्रू तिनं आवळले. बटण दाबलं. नात्सु, पातळी एकतीस.

मग तिनं खेळातली ‘नक्कल’ निवडली. दुसऱ्या चौकटीतही तीच ओळ उमटली. “वरची तिची,” ती म्हणाली. “तिला कधी हात लावू नका. खालची तुमची. ही बिघडली तरी चालेल.”

कुरामोचीसान दोन्ही ओळींकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांत ते या पडद्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. त्यांनी खेळाचा रिमोट हातात घेतला, उलटा. फुसाएनं तो सुलटा करून दिला.

“चालायचं कोणत्या बटणानं?”

तिनं दाखवलं. पडद्यावर रात्रीचं गाव उघडलं, एका विहिरीजवळ पिवळ्या केसांची छोटी मुलगी उभी होती. ती दोन पावलं चालली आणि विहिरीला धडकली. पुन्हा धडकली. आणखी एकदा.

“ट्राम बरी,” कुरामोचीसान डोळे पुसत म्हणाले. “वळायचं बघावं लागत नाही.”

“डावीकडे,” शिओमी म्हणाला.

“डावीकडे नाही, वर,” निशिवाकी म्हणाला. “वर रस्ता आहे, दिसत नाही का?”

“तुम्ही गप्प बसा रे,” फुसाए म्हणाली. शटरचं काय ते उद्या बघता येईल. तिनं स्वतःसाठी एक स्टूल ओढलं, म्हाताऱ्याच्या शेजारी बसली आणि ती मुलगी गावाबाहेर पडेपर्यंत उठली नाही.